ऑक्सफर्ड लंडनमध्ये का नाही?

प्रश्न असा आहे: ऑक्सफर्ड, केंब्रिज, सालामांका, कोइंब्रा, हायडेलबर्ग, लायडन, उप्साला ही नामवंत जुनी विद्यापीठं आपापल्या देशाच्या राजधानीत नसून छोट्या गावांत का आहेत? अभ्यासाला निवांत जागा हवी म्हणून का? आणि यांतलं सर्वांत जुनं कोणतं? विद्यापीठांचा इतिहास मी बरीच वर्षं शिकवतो आहे. हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक वर्गात येतो, आणि विचारणाऱ्याने ‘निवांतपणा’ हे उत्तर बहुतेक वेळा आधीच धरलेलं असतं.

तेव्हा आधी निवांतपणाचा निकाल लावू. १० फेब्रुवारी १३५५ रोजी ऑक्सफर्डच्या मुख्य चौकातल्या स्विंडलस्टॉक नावाच्या गुत्त्यात दोन विद्यार्थ्यांनी वाइन भिकार असल्याची तक्रार केली. शब्दाने शब्द वाढला, वाइन गुत्तेवाल्याच्या अंगावर गेली, पाठोपाठ भांडंही गेलं. गावाच्या चर्चची घंटा वाजली, तिला उत्तर म्हणून विद्यापीठाच्या चर्चची वाजली, आणि दोन्हीकडची माणसं हत्यारं घेऊन रस्त्यावर आली. आसपासच्या खेड्यांतले लोकही गावकऱ्यांच्या मदतीला धावले. परंपरेने सांगितला जाणारा आकडा धरला, तर दंगल शमेपर्यंत विद्यापीठाची ६३ आणि गावाची तीसेक माणसं मेली. राजाने कौल विद्यापीठाच्या बाजूने दिला. पाव-बिअरचे दर, वजनं-मापं, बाजारावरची देखरेख हे सगळं विद्यापीठाच्या कुलपतीकडे गेलं. शिवाय दरवर्षी त्या तिथीला महापौराने गावातली प्रतिष्ठित मंडळी घेऊन चर्चमध्ये जायचं आणि मेलेल्यांच्या नावे ६३ पेनी भरायच्या, अशी शिक्षा लागली. ती १८२५ पर्यंत चालू होती.

निवांतपणा शोधत आलेल्यांनी असलं गाव केव्हाच सोडलं असतं. ते का टिकून राहिले हे समजायचं तर सुरुवातीची विद्यापीठं नेमकी काय होती ते पाहावं लागतं. आज विद्यापीठ म्हटलं की दगडी इमारती, हिरवळ, ग्रंथालय डोळ्यांपुढे येतं. बाराव्या-तेराव्या शतकात यातलं काही नव्हतं. अध्यापक भाड्याच्या खोलीत शिकवत, सभा चर्चमध्ये भरत, विद्यार्थी गावकऱ्यांच्या घरात राहत. विद्यापीठ म्हणजे सुतारांचा किंवा विणकरांचा असावा तसा माणसांचा एक संघ होता. इटलीतल्या बोलोन्यासारख्या नामवंत विद्यापीठालाही स्वतःची कायमची वास्तू मिळाली ती १५६३ मध्ये, म्हणजे कारभार सुरू होऊन चारशेहून अधिक वर्षं झाल्यावर.

इमारत नाही, म्हणजे उठून जायला काही अडचण नाही. विद्यापीठाचं खरं हत्यार हेच होतं. घरभाडं वाढवलं, महाग पाव विकला, विद्यार्थ्याला पकडून कोठडीत टाकलं, की संघ गाव सोडून जाण्याची धमकी द्यायचा. बोलोन्यात तर हा संघ विद्यार्थ्यांचाच होता. बरेचसे विद्यार्थी वयाने मोठे, आल्प्सपलीकडून कायदा शिकायला आलेले आणि पैसेवाले. अध्यापक त्यांचे नोकर म्हणावेत असे. तास उशिरा सुरू केला तर दंड, धड्याचा अवघड भाग गाळला तर दंड, पाचपेक्षा कमी विद्यार्थी आले तर अध्यापकच गैरहजर धरून दंड. गाव सोडून कुठे जायचं असेल तर विद्यार्थ्यांची परवानगी घ्यायची आणि अनामत ठेवायची. उलट बाजूने नगरपालिकेची धडपड चालू होती: बाराव्या शतकाच्या अखेरीपासून बोलोन्या आपल्या अध्यापकांकडून दुसरीकडे शिकवायला जाणार नाही अशी शपथ घेऊ लागलं. पुढे नगराने त्यांचे पगार स्वतःच्या तिजोरीतून द्यायला घेतले, तेव्हा विद्यार्थ्यांची सत्ता हळूहळू ओसरली.

या धमक्या पोकळ नव्हत्या. १२२२ मध्ये बोलोन्यातली एक मोठी टोळी निघाली आणि पादुआचं विद्यापीठ उभं राहिलं. १२२९ मध्ये पॅरिसच्या वेशीबाहेर कार्निव्हलच्या दिवसांत दारूच्या बिलावरून मारामारी झाली. राज्यकारभार पाहणाऱ्या राणी ब्लांशने नगररक्षक पाठवले, त्यांनी काही विद्यार्थी ठार केले, आणि विद्यापीठ दोन वर्षं बंद पडलं. अध्यापक आणि विद्यार्थी आंजे, ऑर्लेआं, तुलूझकडे पांगले. इंग्लंडच्या तिसऱ्या हेन्रीने तर आमच्याकडे या म्हणून रीतसर आमंत्रण पाठवलं. तुलूझचं विद्यापीठ त्याच वर्षी सुरू होत होतं. तिथल्या अध्यापकांनी चक्क जाहिरातीचं पत्रक काढलं, आणि त्यात ‘पॅरिसमध्ये बंदी असलेली अॅरिस्टॉटलची पुस्तकं इथे ऐकायला मिळतील’ असं आमिष होतं. अखेर १२३१ मध्ये पोप नवव्या ग्रेगरीने फर्मान काढून पॅरिसच्या अध्यापकांना, अन्याय झाला तर तास बंद ठेवण्याचा हक्क लिहून दिला. संपाचा कायदेशीर हक्क इतक्या लवकर मिळालेला दुसरा व्यावसायिक वर्ग मला तरी चटकन आठवत नाही.

केंब्रिज जन्माला आलं तेही अशाच एका पळापळीतून. १२०९ मध्ये ऑक्सफर्डमध्ये एका बाईचा खून झाला. संशयित विद्यार्थी पळून गेला, तेव्हा गावकऱ्यांनी त्याच्यासोबत राहणाऱ्या दोघा-तिघांना पकडून फासावर दिलं. बाकीचे घाबरून पांगले: काही रेडिंगला, काही पॅरिसला, काही केंब्रिजला. पाच वर्षांनी पोपच्या प्रतिनिधीने निवाडा दिला. ऑक्सफर्डच्या गावकऱ्यांनी दहा वर्षं खोल्यांचं भाडं निम्मं घ्यायचं आणि गरीब विद्यार्थ्यांसाठी दरसाल ५२ शिलिंग द्यायचे. बरेच जण परत आले. केंब्रिजमध्ये रुळलेले मात्र तिथेच राहिले.

आता मूळ मुद्दा. माणसं कुठेही जाऊ शकत होती, तर ती नेमकी या गावांत का थांबली?

ऑक्सफर्ड तेव्हा आडगाव नव्हतं. थेम्स तिथे पायउतार होती, उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम जाणारे रस्ते तिथे एकमेकांना छेदत, राजाचा वाडा वेशीबाहेरच होता आणि वुडस्टॉकचा शिकारीचा महाल जवळ होता. चर्चची न्यायालयं तिथे भरत, त्यामुळे कायदा जाणणाऱ्या पाद्र्यांना काम मिळे. १०९६ च्या सुमारास तिथे शिकवणं चालू असल्याचे उल्लेख आहेत. ११६७ मध्ये दुसऱ्या हेन्रीने, आर्चबिशप टॉमस बेकेटशी चाललेल्या भांडणात, इंग्रज विद्यार्थ्यांना पॅरिसला जायला मनाई केली आणि ऑक्सफर्डमधली गर्दी वाढली. पण माझ्या दृष्टीने सर्वांत वजनदार कारण म्हणजे तिथे नसलेली एक गोष्ट. ऑक्सफर्डला बिशप नव्हता. ते लिंकनच्या बिशपच्या हाताखाली होतं, आणि लिंकन सुमारे दोनशे किलोमीटर लांब. कॅथेड्रलच्या गावात शिकवण्याचा परवाना द्यायचा की नाही हे बिशपचा अधिकारी ठरवी आणि रोज नाक खुपसे. ऑक्सफर्डमध्ये तो अधिकारी म्हणजे कुलपती होता, आणि तो थोड्याच काळात बिशपचा माणूस न राहता अध्यापकांचाच होऊन बसला. ऑक्सफर्डचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला १५४२ मध्ये, तोवर विद्यापीठ पुरतं मुरलेलं होतं. केंब्रिजचंही तसंच: बिशप ईलीला, आणि गाव नदीवरचं व्यापारी बंदर.

लंडनमध्ये यातलं काही जमण्यासारखं नव्हतं. तिथे बिशप होता, सेंट पॉल कॅथेड्रलची शाळा होती, आणि मुख्य म्हणजे अत्यंत ताकदवान व्यापारी संघ होते. ऑक्सफर्डच्या बेकऱ्यांना वाकवणं शक्य होतं. लंडनच्या महापौराला पावाच्या दरावरून माफी मागायला लावणं अशक्य होतं. राजालाही ते नको होतं: १२३४ मध्ये तिसऱ्या हेन्रीने लंडनच्या शाळांत कायदा शिकवायला बंदीच घातली. पुढे लंडनमध्ये वकिली शिकवणाऱ्या इन्स ऑफ कोर्ट या संस्था वाढल्या, पण त्या देशी कायदा शिकवत आणि पदव्या देत नसत. विद्यापीठात रोमन आणि चर्चचा कायदा, लंडनमध्ये कोर्टात चालणारा कायदा, अशी ती वाटणी शतकानुशतकं राहिली.

इथवर झाली ती जन्माची गोष्ट. प्रतिष्ठा मिळाली ती वेगळ्या कारणाने. युरोपात लहान गावांत निघालेली विद्यापीठं डझनांनी होती. इंग्लंडात मात्र सहाशे वर्षं दोनच राहिली, आणि ती आपोआप राहिली नाहीत. नॉर्थॅम्प्टनला १२६१ मध्ये राजाच्या परवानगीने विद्यापीठ सुरू झालं आणि चार वर्षांत त्याच राजाने, ऑक्सफर्डचं नुकसान होतं म्हणून, बंद केलं. १३३३ मध्ये ऑक्सफर्डमधले काही अध्यापक आणि विद्यार्थी भांडून स्टॅमफर्डला गेले. तिसऱ्या एडवर्डने त्यांना हुसकून लावलं. त्यानंतर ऑक्सफर्डची एमए घेणाऱ्या प्रत्येकाला ‘स्टॅमफर्डमध्ये शिकवणार नाही’ अशी शपथ घ्यावी लागे, आणि ही शपथ १८२७ मध्ये रद्द झाली! स्टॅमफर्ड हे नाव नकाशावर दाखवता येणार नाही अशी किती पिढ्यांतली पोरं ती शपथ घेऊन गेली असतील. (त्या वेळी स्टॅमफर्डला गेलेली मानली जाणारी दारावरची पितळी कडी परत मिळावी म्हणून ब्रेझनोज कॉलेजने १८९० मध्ये तिथलं अख्खं घर विकत घेतलं. कॉलेजं जुन्या गोष्टी विसरत नाहीत.) क्रॉमवेलच्या काळात डरहॅमला कॉलेज निघालं, तेव्हाही ऑक्सफर्ड आणि केंब्रिज दोघांनी मिळून त्याच्या पदव्यांना विरोध केला आणि ते मोडलं.

लंडनला पदवी देणारं विद्यापीठ मिळालं १८३६ मध्ये. तोवर देशातला प्रत्येक बिशप, बहुतेक मंत्री, जमीनदारांची मुलं याच दोन गावांतून जात होती. १६०४ ते १९५० या काळात पार्लमेंटमध्ये दोन्ही विद्यापीठांचे स्वतःचे खासदारही असत. शेजारच्या स्कॉटलंडमध्ये लोकसंख्या कितीतरी कमी, तरी सोळाव्या शतकाच्या अखेरीस पाच पदवी देणाऱ्या संस्था होत्या: सेंट अँड्र्यूज, ग्लासगो, अॅबरडीनमध्येच दोन, आणि एडिनबरा. ही विद्यापीठंही जुनी आणि उत्तम आहेत. अॅडम स्मिथ ऑक्सफर्डलाही शिकला होता, आणि तिथल्या बहुतेक प्राध्यापकांनी शिकवण्याचं सोंग करणंदेखील केव्हाच सोडून दिलंय असं त्याने लिहून ठेवलं. तरी दरारा ऑक्सफर्डचाच जास्त. वय, गुणवत्ता यांच्यापेक्षा मक्तेदारीने हा दरारा घडवला, असं माझं मत आहे, आणि इंग्रज सहकाऱ्यांना ते फारसं आवडत नाही.

इटलीत हीच गोष्ट आणखी उघडपणे दिसते, कारण तिथे विद्यापीठ कुठे असावं हे सत्ताधाऱ्यांनी विचार करून ठरवलं. व्हेनिसने १४०५ मध्ये पादुआ जिंकलं आणि लगेच आपल्या प्रजेला पादुआखेरीज दुसरीकडे शिकायला मनाई केली. व्हेनिसच्या बेटांवर विद्यापीठ आणलं नाही. चाळीसेक किलोमीटरवर, जिंकलेल्या गावात ठेवलं. मिलानच्या व्हिस्कोंतींनी १३६१ मध्ये विद्यापीठ काढलं ते पाव्हियाला. फ्लॉरेन्सने १४०६ मध्ये पिसा जिंकलं, त्या शहराचा व्यापार बसला, लोक निघून गेले, आणि १४७२ मध्ये लोरेन्झो मेदिचीने फ्लॉरेन्सचं विद्यापीठ बव्हंशी पिसाला हलवलं. हिशेब सरळ होता. पिसात घरं रिकामी पडली होती, भाडी कमी होती. विद्यार्थ्यांच्या पैशावर मेलेलं गाव पुन्हा उभं राहिलं असतं. आणि हजारभर तरुण, सशस्त्र, वेगळ्या कायद्याचं संरक्षण असलेली पोरं राजवाड्यापासून लांब राहिली असती. मिलान आणि फ्लॉरेन्स यांना आजची त्यांची सरकारी विद्यापीठं १९२४ मध्ये मिळाली.

यात पादुआला मिळालेला फायदा सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. व्हेनिस व्यापाऱ्यांचं राज्य. गिऱ्हाईक कोणत्या धर्माचं याच्याशी त्यांना फारसं देणंघेणं नव्हतं. १५६४ मध्ये पोपने पदवीसाठी कॅथलिक श्रद्धेची शपथ सक्तीची केली, तेव्हा जर्मन प्रोटेस्टंट, ग्रीक ऑर्थोडॉक्स आणि ज्यू विद्यार्थी हातचे जाणार हे व्हेनिसच्या लक्षात आलं. मग पळवाटा निघाल्या, आणि सतराव्या शतकाच्या सुरुवातीला तर राज्याच्या अधिकारात, शपथेविना पदवी देणारी वेगळी व्यवस्थाच उभी राहिली. इंग्लंडचा विल्यम हार्वे, ज्याने पुढे रक्ताभिसरण सिद्ध केलं, तो १६०२ मध्ये पादुआचाच डॉक्टर झाला. गॅलिलिओ १५९२ ते १६१० तिथे शिकवत होता. शवविच्छेदनासाठी बांधलेलं, आजही उभं असलेलं लाकडी सभागृह तिथलंच, सोळाव्या शतकाच्या अखेरचं. १६७८ मध्ये एलेना कोर्नारो पिस्कोपिया ही डॉक्टरेट मिळवणारी पहिली स्त्री ठरली तीही पादुआतच. रोमपासून संरक्षण देणारं बलाढ्य राज्य पाठीशी आणि त्या राज्याची राजधानी थोडी लांब, अशी जागा पादुआच्या वाट्याला आली होती.

पोर्तुगालने तर प्रयोगच करून पाहिला. राजा दिनिशने १२९० मध्ये विद्यापीठ लिस्बनला स्थापलं. १३०८ मध्ये ते कोइंब्राला गेलं, १३३८ मध्ये लिस्बनला परत, १३५४ मध्ये पुन्हा कोइंब्रा, १३७७ मध्ये पुन्हा लिस्बन. दर वेळी कारणात विद्यार्थी आणि शहर यांचं वाजलेलं असे, नाहीतर राजाची गरज बदललेली असे. १५३७ मध्ये तिसऱ्या जॉनने ते कायमचं कोइंब्राला नेलं आणि टेकडीवरचा जुना राजवाडा त्याला दिला. पुढे विद्यापीठाने तो विकतच घेतला. आजही पदवीदान होतं ते जुन्या राजदरबारात. विद्यापीठाचा स्वतःचा तुरुंगही तिथे होता, कारण विद्यार्थ्यावर खटला चालवायचा अधिकार नगराला नव्हता. एव्होराचं जेझुइटांचं विद्यापीठ सोडलं, तर १९११ पर्यंत पोर्तुगालमध्ये दुसरं विद्यापीठ नव्हतं. म्हणजे पुन्हा मक्तेदारी.

कोइंब्राच्या उदाहरणात आणखी एक गोष्ट आहे, जी प्रश्न विचारणारे विसरतात. कोइंब्रा एके काळी पोर्तुगालची राजधानी होतं. पाव्हिया लोम्बार्ड राजांची राजधानी होतं. हायडेलबर्गला १३८६ मध्ये विद्यापीठ निघालं तेव्हा तिथे पॅलेटिनेट या संस्थानाचा इलेक्टर, म्हणजे सम्राट निवडण्याचा हक्क असलेला राजा, राहत असे. दरबार मानहाइमला हलला तो १७२० मध्ये. उप्साला स्वीडनच्या आर्चबिशपचं ठाणं होतं. सालामांकाचं विद्यापीठ १२१८ चं, आणि माद्रिद राजधानी झालं १५६१ मध्ये. म्हणजे काही ठिकाणी विद्यापीठ लहान गावात गेलंच नाही. सत्ता आणि व्यापार गाव सोडून गेले आणि विद्यापीठ मागे राहिलं. आजचा नकाशा पाहून त्या काळचा निर्णय वाचायला गेलं की अशी गफलत होते.

जर्मनीबद्दल थोडक्यात: तिथे शेकडो संस्थानं, आणि प्रत्येक राजाला स्वतःचे वकील, पाद्री आणि कारकून तयार करणारं विद्यापीठ हवं. पंथ वेगळा झाला की विद्यापीठही वेगळं. म्हणून ट्युबिंगेन, मारबुर्ग, येना, ग्योटिंगेन अशी गावं नकाशाभर पसरली. देशाची एकच राजधानी नव्हती, त्यामुळे एकच ऑक्सफर्डही झालं नाही, आणि जर्मन विद्यार्थी अगदी अलीकडेपर्यंत सत्रासत्राला विद्यापीठ बदलत फिरत. नेदरलँड्समध्ये १५७५ मध्ये लायडनला विद्यापीठ मिळालं, स्पॅनिश वेढ्याला आदल्या वर्षी दिलेल्या झुंजीचं बक्षीस म्हणून. अॅमस्टरडॅम त्या काळच्या जगातल्या श्रीमंत शहरांपैकी, पण १६३२ मध्ये त्यांनी उच्च शिक्षणाची संस्था काढायचं ठरवलं, तेव्हा लायडनने आक्षेप घेतला. व्याख्यानांना मुभा मिळाली. पदवीचा अधिकार मिळायला १८७७ उजाडलं.

पॅरिसचा अपवाद तर आहेच. राजधानी, बिशप, राजा सगळं एका ठिकाणी असूनही ते विद्यापीठ तिथेच वाढलं. पण पॅरिसच्या आतला भूगोल नीट पाहिला तर तीच चाल दिसते. कॅथेड्रल नदीतल्या बेटावर होतं आणि शिकवण्याचे परवाने त्याच्या अधिकाऱ्याच्या मुठीत. अध्यापक पूल ओलांडून डाव्या काठावर गेले, सेंट जेनेव्हिएव्हच्या टेकडीवर, कारण तिथल्या मठावर बिशपची हुकमत चालत नव्हती. आजचं लॅटिन क्वार्टर त्याच टेकडीवर आणि तिच्या उतारावर आहे. ऑक्सफर्डने बिशपपासून दोनशे किलोमीटर ठेवले, पॅरिसने एक नदी. राजधानीत राहण्याची किंमतही पॅरिसने मोजली. क्रांतीच्या काळात, १७९३ मध्ये, विद्यापीठच बरखास्त झालं. १८९६ मध्ये ते पुन्हा उभं राहिलं आणि १९६८ च्या उठावानंतर १९७० मध्ये त्याचे तेरा तुकडे झाले. ऑक्सफर्डचे तुकडे करायचं कुणाच्या मनात आलं नाही, कारण तिथल्या दंगलीने सरकार पडत नाही.

प्रागचंही असंच. १३४८ मध्ये, पुढे सम्राट झालेल्या राजा चौथ्या चार्ल्सने स्वतःच्या राजधानीत काढलेलं विद्यापीठ. १४०९ मध्ये राजाने कारभारातली मतं चेक लोकांच्या बाजूने फिरवली, आणि जर्मन अध्यापक-विद्यार्थी निघून गेले. लाइपझिगचं विद्यापीठ त्यातून झालं.

मग ही भटकी जमात एका जागी रुतली कशी? जमिनीमुळे. वॉल्टर डी मर्टन या राजाच्या माजी चॅन्सेलरने (विद्यापीठाच्या कुलपतीने नव्हे) १२६४ मध्ये स्वतःच्या इस्टेटीचं उत्पन्न लावून कॉलेज काढलं, तेव्हा त्याच्या नियमांत विद्यार्थी ऑक्सफर्डला ‘किंवा जिथे कुठे विद्यापीठ भरभराटीला येईल तिथे’ शिकतील अशी तरतूद होती. ऑक्सफर्ड उद्या नसेलही, हे त्याने गृहीत धरलं होतं. शंभर-दीडशे वर्षांत हे चित्र पालटलं. देणगीदार गावातली घरं घेत, पाडत, चौक बांधत आणि गावोगावच्या शेतांचा खंड कॉलेजच्या नावे करत. १४४० च्या दशकात सहाव्या हेन्रीने केंब्रिजमध्ये किंग्ज कॉलेजसाठी गावाचा नदीकाठचा मधला भागच विकत घेऊन मोकळा केला. घरं गेली, रस्ते बंद झाले, एक चर्च गेलं, मालाच्या होड्या लागत तो धक्का गेला. आज पर्यटक ज्या हिरवळीचे फोटो काढतात, तिच्याखाली बाजारपेठेचा एक भाग गाडलेला आहे. निवांतपणा असा तयार झाला: गाव हटवून.

जमिनीचा हा ताबा अजून संपलेला नाही. केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजने १९३० च्या दशकात फेलिक्सटो इथे समुद्रकिनारी जमीन घेतली. पुढे तिथे ब्रिटनमधलं सर्वांत मोठं कंटेनर बंदर झालं. १९७० मध्ये त्याच कॉलेजने गावाच्या कडेला स्वतःच्या शेतजमिनीवर सायन्स पार्क काढलं. रेल्वे आली तेव्हा, १८४५ मध्ये, केंब्रिजचं स्टेशन गावापासून दीडेक किलोमीटर बाहेर ठेवलं गेलं, आणि रेल्वेच्या कायद्यातच विद्यापीठाच्या अधिकाऱ्यांना स्टेशनात शिरून विद्यार्थ्यांची चौकशी करण्याचा हक्क मिळाला. लंडन जवळ आलं की पोरं बिघडतील, ही भीती.

अमेरिकेत मात्र जागा आधी ठरली, विद्यापीठ नंतर वाढलं. मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीने १६३६ मध्ये ४०० पौंड मंजूर करून जे कॉलेज काढलं ते बोस्टनमध्ये नाही, नदीपलीकडच्या न्यूटाउनमध्ये. वसाहतीत केंब्रिजचे पदवीधर भरपूर, म्हणून १६३८ मध्ये गावाचं नावच केंब्रिज करून टाकलं. बोस्टन टाळण्यामागे धर्मकारण होतं: त्या वर्षांत बोस्टनच्या मंडळीत पाखंडी मतांवरून वाद पेटला होता आणि न्यूटाउनचा धर्मगुरू टॉमस शेपर्ड पक्का सनातनी होता. पुढच्या शतकात सरळ बोली लागू लागल्या. आज प्रिन्स्टन म्हणून ओळखलं जाणारं कॉलेज एलिझाबेथ आणि नेवार्क करत फिरत होतं. विश्वस्तांनी अट घातली: एक हजार पौंड, दहा एकर मोकळी जमीन आणि सरपणासाठी दोनशे एकर जंगल. न्यू ब्रन्सविक मागे पडलं, प्रिन्स्टनने ती पुरी केली आणि १७५६ मध्ये कॉलेज तिथे गेलं. येलचं बस्तान सेब्रुकहून न्यू हेवनला हललं, तेव्हा सेब्रुकच्या लोकांनी पुस्तकांच्या गाड्या अडवल्या, बैल सोडून दिले, वाटेतले पूल मोडले. बरीच पुस्तकं कायमची गेली. शहरापासून दूर, निसर्गात, चारित्र्य घडवणारं कॉलेज ही कल्पना अमेरिकेतच खरी रुजली, आणि मग ती मागे नेऊन ऑक्सफर्डला चिकटवली गेली.

लहान गाव आणि जुनं वय पुरलं असतं तर आणखी कितीतरी नावं आज आपल्या तोंडी असती. गणितज्ञ गाउसला १७९९ मध्ये डॉक्टरेट देणारं हेल्मश्टेट १८१० मध्ये बंद पडलं. नेदरलँड्समधल्या ज्या फ्रानेकरच्या पटावर तत्त्वज्ञ देकार्तचं नाव आहे ते १८११ मध्ये. न्यूरेंबर्गजवळचं आल्टडॉर्फ १८०९ मध्ये, एरफुर्ट १८१६ मध्ये, आणि ल्यूथरचं विटेनबर्ग १८१७ मध्ये हालेत विलीन झालं. नेपोलियनच्या युद्धांत संस्थानं संपली आणि त्यांच्या छत्राखालची विद्यापीठंही. ज्यांच्या पाठीशी टिकणारं राज्य होतं, किंवा स्वतःच्या मालकीची जमीन होती, ती वाचली.

भारतीय वाचकाला हे सगळं उलटं वाटतं, याचं कारण १८५७. कलकत्ता, मुंबई, मद्रास ही तिन्ही विद्यापीठं इलाख्यांच्या राजधान्यांत निघाली आणि नमुना घेतला गेला लंडन विद्यापीठाचा, म्हणजे परीक्षा घेऊन पदव्या देणाऱ्या संस्थेचा. ऑक्सफर्डचा नमुना उचलायचा तर जमीनजुमला असलेली निवासी कॉलेजं लागली असती. परीक्षा मंडळाला कचेरी पुरते, आणि कचेरी राजधानीत असते.

राहिला प्रश्न सर्वांत जुनं कोणतं याचा. बोलोन्याचं १०८८ हे साल सगळीकडे छापलं जातं. ते कवी जोझुए कार्दुच्ची यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने, १८८८ मध्ये आठशे वर्षांचा सोहळा करता यावा म्हणून, एकोणिसाव्या शतकात निश्चित केलं. त्या वर्षी कुणी सनद दिली नव्हती, उद्घाटन झालं नव्हतं. ऑक्सफर्डला स्थापनेचं सालच नाही. मोरोक्कोतल्या फेजमधलं अल-करावीन ८५९ पासूनचं मानलं जातं, पण ती मशीद आणि तिच्याभोवतीची पाठशाळा. आधुनिक अर्थाने विद्यापीठ ते १९६० च्या दशकात झालं. अध्यापक-विद्यार्थ्यांचा संघ, त्याला सत्तेने दिलेला संरक्षणाचा कागद आणि सर्वत्र चालणारी पदवी या तिन्ही गोष्टी एकत्र धरल्या, तर बोलोन्या आणि पॅरिस यांचा नंबर जवळजवळ बरोबरीने, बाराव्या शतकाच्या शेवटाला आणि तेराव्याच्या सुरुवातीला लागतो. ऑक्सफर्ड त्यांच्या पाठोपाठ.